तीन मजली भूक

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंत मिळाली.

बस थांब्यासमोरच्या इमारतीची अख्खी बाजू. रुंदी चाळीस हात, उंची तीन मजले. छापील फलक आल्यापासून मी दारावरच्या पाट्या, दुकानांची शटरं आणि बालवाडीच्या भिंतींवरची फळं-फुलं एवढंच रंगवत आलो. एवढी मोठी भिंत हाताखाली येऊन अकरा वर्षं झाली. त्या इमारतीत खाली बर्गरचं दुकान आहे. मालकाला म्हणे आता हाताने रंगवलेलंच हवंय, जुन्या पद्धतीचं लोकांना पुन्हा आवडू लागलंय. हे जमलं तर त्याच्या आणखी चार दुकानांच्या चार भिंती मला. दोन-तीन वर्षं मागे वळून बघायला नको.

निरोप लेकीकडूनच आला. ती त्याच दुकानात काउंटरवर असते, दहा महिने झाले. आम्ही तिला चिमणी म्हणतो. लहानपणी चिमणीएवढं खायची म्हणून नाव पडलं, ते चोविसाव्या वर्षीही सुटलेलं नाही. निरोप देताना म्हणाली, "बाबा, लगेच हो म्हणू नका. आधी चित्र बघा."

मी म्हटलं, "चित्र कसंही असू दे, भिंत तर आहे ना!"

ती हसली नाही. दिवसभर उभं राहून थकते बिचारी.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, रोज दोन ओळी लिहा. हातांनी काय केलं आणि मनाने काय चूक केली. पहिलं लिहिणं सोपं जातं. आज मनाची चूक काही सापडत नाही. देवाचे आभार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजरने चित्राचा कागद दिला. सोबत जाहिरात करणाऱ्या कंपनीची एक बाई होती. हसतमुख, चष्मा, बोलणं भराभर.

चित्र असं: डाव्या बाजूला दाढीवाला दांडगा गडी. दोन्ही हातांत तीन थरांचा बर्गर, तोंड भरलेलं, हनुवटीवर सॉस. डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पुरुषाची भूक. तीन मजली.' उजव्या बाजूला एक तरुणी. तिच्या हातात चिमुकला डबा, दोन बोटांच्या चिमटीत तळलेल्या बटाट्याची एकच काडी. ओठ मिटलेले, नजर त्याच्याकडे. खाली नाजूक अक्षरांत 'तिच्यासाठी? हलकंफुलकं.'

चित्र चांगलं आहे. रेषा स्वच्छ आहेत.

संध्याकाळी चिमणीने विचारलं, "बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"दंड अवघड आहे. त्या गड्याचा. छाया जमली पाहिजे."

तिने माझं ताट उचललं आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मग ही आणि चिमणी, दोघी मायलेकी जेवायला बसल्या. हिला पहिल्यापासून मागून जेवायला आवडतं. चिमणीलाही तीच सवय लागली आहे. मी तोवर कागदावर चौकटी आखून घेतल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

परांची उभी राहिली. भिंत घासून पांढरी केली. आज चौकटी मारल्या. कागदावरची अंगठ्याएवढी चौकट म्हणजे भिंतीवरची हातभर चौकट. निळीत भिजवलेली दोरी ताणायची आणि मधे टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. दोरीचं दुसरं टोक धरायला ही आली होती. लग्नानंतरच्या पहिल्या भिंतीपासून दुसरं टोक हिच्याच हातात आहे. हिच्याइतकी घट्ट दोरी कुणी धरत नाही. बाकी पोरं सैल सोडतात आणि रेघ पोट काढते.

या कामाचा एकच नियम आहे: चौकट बघायची, चित्र बघायचं नाही. वर चढलं की नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो हे समजत नाही. कागदावरच्या चौकटीत जेवढं आहे तेवढंच भिंतीच्या चौकटीत उतरवायचं आणि पुढच्या चौकटीकडे सरकायचं. चित्राचा विचार करणारा रंगारी हमखास चुकतो.

दुपारी दुकानातल्या पोरी सुट्टीत खाली येऊन उभ्या राहिल्या. एकजण ओरडली, "काका, त्या बाईला जरा मोठा घास द्या हो! उपाशी दिसतेय!"

दुसरी म्हणाली, "अगं, तिचं पोट त्याच्याकडे बघूनच भरतं!"

सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. चिमणी त्यांच्यात होती, ती मात्र माझ्याकडे बघत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरी वाद झाला. वाद म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं.

चिमणीला तव्यावर जायचं आहे. तिथे आत दोन पुरुष आहेत. गर्दीच्या वेळी ते गडबडतात आणि पाव जाळतात, मग चिमणीच काउंटर सोडून आत जाऊन सावरते. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "मुली काउंटरवर शोभतात. तव्याला जोर लागतो."

"जोर लागतो म्हणे! कलथ्याला जोर लागतो, बाबा! कलथा बघितलाय का त्याने कधी?"

आणखी एक सांगितलं. काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा एक कागद चिकटवलेला आहे. बाई एकटी आली तर आधी छोटा डबा सुचवायचा. जोडपं आलं तर मोठा बर्गर न विचारता पुरुषासमोर ठेवायचा. परवा एका बाईने स्वतःसाठी तीन थरांचा मागितला, दिवसभर ओझी उचलून आली होती. मॅनेजर मागून म्हणाला, "मॅडम, पार्सल ना? घरच्यांसाठी?" ती बाई ओशाळली आणि खरंच पार्सल घेऊन गेली.

मी म्हटलं, "नोकरी आहे बाळा. थोडं कानाआड करावं."

"कानाआड कसं करू? तुम्ही तेच भिंतीवर लिहिताय. आमच्या काउंटरमागे पानभर आहे, तुमचं तीन मजली."

ही आतून म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांना चार भिंती मिळायच्यात."

मी उठून देवापुढे बसलो. खरं तर पोरीच्या नजरेपासून उठलो. ही आजची मनाची चूक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गडी पूर्ण झाला. दंड असा उतरलाय की रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. आज तरुणीचा चेहरा संपवला. चौकट न् चौकट कागदाबरहुकूम.

चारच्या सुमारास खाली उतरून, रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन पहिल्यांदा पूर्ण चित्र बघितलं.

काहीतरी चुकलं होतं. कागद काढून पडताळला. नजर तीच, पापणी तीच, ओठ तेच. कागदावर ती त्याच्याकडे प्रेमाने बघते आहे. भिंतीवर ती त्याच्याकडे बघतच नाहीये, त्याच्या हातातल्या बर्गरकडे बघते आहे. एवढ्या मोठ्या डोळ्यांत प्रेम राहत नाही, भूक दिसते. नीट मिटलेले ओठ आणि हातात ती एक काडी.

बाकावर एक म्हातारी बसची वाट बघत होती. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, त्या पोरीला कुणी देत का नाही काही? मघापासून बघतेय मी. माझाच जीव कासावीस झाला."

मी म्हटलं, "जाहिरात आहे, आजी."

"असेल. पण भुकेली आहे रे ती."

तीन दिवसांपूर्वी त्या पोरी हेच म्हणाल्या होत्या आणि मी हसलो होतो. की सहा दिवसांपूर्वी? दिवसांचा हिशेब चुकतोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. तिच्या तोंडात घास द्यायचा. चांगला मोठा, दोन्ही हातांनी धरलेला.

गडी जसा आहे तसाच राहील. त्याच्या भुकेशी माझं भांडण नाही. तो जेवतोय म्हणून तिने बघत राहायचं, एवढंच मला पटत नाही. देवाने पोट देताना कुणाला तीन मजली आणि कुणाला चिमूटभर असं दिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

पण अडचण वेगळीच निघाली. घास घेणारं तोंड काढायचं तर ते बघितलेलं असावं लागतं. पुरुषाचं असतं तर आरशात पाव चावून काढलं असतं. बाईचं आठवून काढू म्हटलं. कुणाचं आठवणार? हिचंच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हिचे हात मला डोळे मिटून काढता येतील. जिन्यावरचं पाऊल ओळखतो. मानेवरचा तीळ माहीत आहे. पण जेवताना हिचं तोंड कसं दिसतं?

आठवेना. अर्धा तास पेन्सिल हातात धरून बसलो. आठवेना, कारण बघितलेलंच नाही.

दुपारी घरी गेलो आणि म्हटलं, "चल, माझ्यासमोर बसून जेव."

ही घाबरली. "अहो, काय झालंय तुम्हाला? ताप आहे का?" कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही. बस."

बसली. नखाएवढा घास घेतला आणि हाताने तोंड झाकलं. मी म्हटलं, हात काढ. काढला, तर चावेचना. घास गालात ठेवून नुसती बसून राहिली. शेवटी हसायला लागली, मग ठसका लागला, मी पाणी दिलं.

"मला कुणी बघितलं की घास उतरत नाही हो."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बाईचं तोंड चालताना चारचौघांत दिसू नये."

"माझी आई असं म्हणाली?"

"हो."

"मला कसं माहीत नाही?"

ही ताटाकडे बघत म्हणाली, "तुम्ही तिथेच बसला होतात. जेवत होतात."

आजची चूक लिहायला दोन ओळी पुरणार नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी चिमणीला विचारलं. "समोर बसून खाशील का? चित्रासाठी."

"काय खाऊ?"

"तोच. तीन मजली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग असं हसली, की दहा महिन्यांत तसं हसलेली बघितलं नव्हतं.

सुट्टीच्या वेळात, परांचीखाली, रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून तिने खाल्लं. दोन्ही हातांनी. पहिल्या घासालाच सॉस हनुवटीवर. मी भराभर रेघा मारत होतो. गाल फुगतो तेव्हा एक डोळा बारीक होतो. नाकपुड्या रुंदावतात. कपाळावर आठी नाही, उलट सगळं कपाळ मोकळं होतं. हे कुठल्याच कागदावर नव्हतं. अकरा चित्रं काढली.

मी म्हटलं, "तू एवढं खाऊ शकतेस?"

बोटं चाटत म्हणाली, "लहानपणीही खाऊ शकत होते."

"तेव्हा तर चिमणीएवढं…"

"आई आणि मी तुमच्या मागून बसायचो, बाबा. पातेल्यात असेल तेवढं खायचो."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आजचा वार सांगावा तसं सांगितलं. मी पेन्सिलीला टोक करत बसलो. टोक आधीच झालेलं होतं.

मग म्हटलं, "नाव बदलायचं का तुझं?"

"राहू द्या. चिमण्या दिवसभर खात असतात, कधी बघा नीट."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चेहरा झाला. तेलाचा रंग, ओठांना चार हात दिले. चकाकतात.

अक्षरं राहिली होती. 'पुरुषाची' हा शब्द लिहिला नाही. भिंतीवर आता एवढंच आहे: 'भूक. तीन मजली.' छोट्या डब्याची ओळ गाळली. डबाच राहिला नाही.

मी शूर माणूस नाही. आयुष्यभर कागदाबाहेर रेघ मारलेली नाही. पण रस्त्यापलीकडून बघितलं तेव्हा चित्र बरोबर दिसत होतं. दोघं जेवत आहेत. एवढंच. पहिल्यांदाच दोघं एकमेकांसोबत बसल्यासारखी वाटतात.

देवाला म्हटलं, हे चुकलं असेल तर उद्या सांग. आजचा दिवस बघू दे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅनेजर सकाळीच रस्त्यावर उभा. मान वर आणि तोंड उघडं.

"काका, हे काय केलंत?"

"घास दिला तिला."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी नाही. बरेच दिवस कुणी सांगत नव्हतं, म्हणून मीच दिला."

"थट्टा करताय? बाई अशी खाते का? घोड्यासारखी?"

"अशीच खाते. समोर बसवून काढलंय."

जाहिरातवाली बाई गाडीतून उतरली. ती ओरडली नाही. खूप वेळ बघत राहिली, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. म्हणाली, "कोण आहे ही?"

"माझी लेक. तुमच्या काउंटरवर असते."

मॅनेजरचा चेहरा त्या सॉससारखा झाला. बाई म्हणाली, "काका, काम सुंदर आहे. पण आम्ही पाहणी केली आहे. बायकांना असं खाताना दाखवलेलं बायकांनाच आवडत नाही."

मी विचारलं, "पाहणीत कुणाला विचारलंत? समोर पुरुष बसला होता का तेव्हा?"

मी टोमणा मारला नव्हता, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मॅनेजरने निकाल दिला. दोन दिवसांत कागदाप्रमाणे करा. नाहीतर चार भिंती विसरा. आणि दारात आलेल्या चिमणीकडे बोट दाखवून म्हणाला, "हिलाही घेऊन जा."

मी वर बघितलं. चार भिंती, दोन-तीन वर्षांचं काम. ब्रश हातातच होता. तो खाली ठेवायला मला किती वेळ लागला ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. चिमणीने माझा हात धरला नाही. नुसती उभी राहिली.

मी म्हटलं, "तिच्या तोंडातला घास मी काढणार नाही. दुसरा माणूस बघा."

चिमणीने डोक्यावरची दुकानाची टोपी काढली आणि आत जाऊन नीट घडी करून काउंटरवर ठेवली. मॅनेजरला म्हणाली, "तव्यावरचा पाव जळतोय, साहेब." खरंच जळत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरा रंगारी मिळाला नाही. मिळाला असता, पण आमच्या धंद्यात उरलेत तीन, आणि त्यातल्या दोघांना माझं काम आवडलं, म्हणून ते नाही म्हणाले. तिसऱ्याला उंचीची भीती वाटते.

म्हणून मॅनेजरने दुकानातलीच दोन माणसं परांचीवर चढवली. हातात रोलर, बादलीत पाण्याचा पांढरा रंग. मी थांब्यावरून बघत होतो. तेलाच्या गुळगुळीत रंगावर पाण्याचा रंग धरत नाही. आधी पॉलिशपेपरने घासून घ्यावं लागतं, अस्तर द्यावं लागतं.

गप्प बसावं की सांगावं? मनात आलं, मरू दे. पण ठाऊक असताना गप्प बसणं हेही खोटंच. रस्ता ओलांडून गेलो आणि सांगितलं, "साहेब, हे टिकायचं नाही. आधी घासून घ्या."

"तुम्ही आता मला शिकवू नका, काका. निघा."

निघालो. मनावरचं ओझं उतरलं. खरं सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली. गडीही गेला बिचारा, त्याचा काही दोष नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काम नाही. चिमणी दोन ठिकाणी विचारून आली. दोन्हीकडे काउंटर आहे म्हणाले. ती म्हणाली, तवा असेल तर बोलवा.

ही चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. आज विचारलं, "चिडलीस का? चार भिंती गेल्या म्हणून?"

"भिंतींचं काय? दोरी धरून माझाच हात दुखतो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला बघायचं होतं चित्र. तुम्ही दोघांनी बघितलं, साऱ्या गावाने बघितलं. मी घरी होते."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंतीवरच्या बाईला घास दिला आणि घरातलीला चित्र दाखवायलाही नेलं नाही.

चिमणीला समोर बसवून चित्रं काढली त्या दिवसापासून आम्ही तिघं एकदम जेवायला बसतो. ही अजून थोडी वळून बसते. मी काही म्हणत नाही.

१ मार्च, शनिवार

चिमणीच्या दुकानातल्या जुन्या मैत्रिणीचा सकाळी फोन आला. नुसती हसत होती, शब्द फुटत नव्हता. "काकांना घेऊन ये. लवकर ये."

या वेळी मी हिलाही म्हटलं, "चल."

आठवडाभराच्या उन्हात पांढरा रंग तडकला होता. पापुद्रे सुटून खाली पडत होते. सगळी भिंत अजून पांढरीच होती. फक्त उजव्या बाजूला, जिथे मी चार हात दिले होते, तिथलं सगळ्यात आधी उघडं पडलं होतं. डोळे नाहीत, कपाळ नाही. नुसतं तोंड. घास घेतलेलं, चार हात रुंद, हनुवटीवर सॉस.

थांब्यावर गर्दी जमली होती. लोक फोटो काढत होते. दुकानासमोर बायकांची रांग होती. एक आडदांड बाई काउंटरवर ठणकावून सांगत होती, "ते भिंतीवरचं द्या. नाही, पार्सल नको. इथेच बसून खाणार." काउंटरमागच्या मैत्रिणीने मागचा कागद टरकन फाडलेला मी डोळ्यांनी बघितला. मॅनेजर दारात उभा राहून भिंतीकडे बघत होता. मला म्हणाला, "काका, हे घासायला किती दिवस लागतील?"

"चार दिवस. पण मी घासणार नाही."

चिमणी आत गेली नाही. पलीकडच्या रस्त्यावरच्या खानावळीत तिला सोमवारी तव्यावर हात दाखवायला बोलावलं आहे. जमेल की नाही कोण जाणे. मैत्रिणीने तीन बर्गर बाहेर आणून दिले आणि म्हणाली, "हे माझ्याकडून."

थांब्याच्या बाकावर तिघं बसलो. ही मधे. वर ते तोंड. हिने बर्गर दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून बघितला. "कुठून सुरुवात करायची असते गं?"

"कुठूनही, आई."

मी मान वळवली, हिला अवघडायला नको म्हणून. पण मग राहवलं नाही. चित्रासाठी नाही, असंच बघितलं. गाल फुगला. डावा डोळा बारीक झाला. कपाळ मोकळं झालं. हात तोंडाकडे गेला नाही.

घास खाली उतरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय बसलात? खा की. थंड होतंय."